जुन्या गाडीचा एसी: गॅस भरण्याआधी

उन्हाळा लागला आणि गाडीचा एसी थंड करेनासा झाला, की मालकाच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, ‘गॅस संपला वाटतं, भरून द्या.’ कारागीरही नाही म्हणत नाही. गॅस भरला जातो, आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि मग ये रे माझ्या मागल्या. भंडारा जिल्ह्यात रस्त्यावर असलेल्या जुन्या सुमो, ट्रॅक्स, ओम्नी, कमांडर जीप आणि सुरुवातीच्या काळातल्या बोलेरो यांतल्या कितीतरी गाड्या कारखान्यातून एसीविना आल्या. त्यांना एसी नंतर बसवला गेला, कधी किट आणून, तर कधी दुसऱ्याच गाडीचा कंडेन्सर, तिसऱ्याचा कॉम्प्रेसर आणि चौथ्याची कूलिंग कॉइल जुळवून. अशा गाडीचा एसी बिघडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा जुळणीत असतो, गॅसमध्ये नसतो. आणि गॅस खरंच कमी झाला असेल, तर तो का कमी झाला हाच खरा दोष असतो. म्हणून अशा गाडीच्या दुरुस्तीत गॅस भरण्याचा क्रमांक पहिला नव्हे, शेवटचा असावा.

गाडीत पेट्रोल जळून संपतं, तसा एसीतला गॅस संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो आणि उष्णता वाहून नेतो, एवढंच त्याचं काम. डॅशबोर्डखालच्या कूलिंग कॉइलमध्ये द्रवरूप गॅस उकळतो आणि उकळताना आतल्या हवेची उष्णता उचलतो. कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, तशी ती तापते. मग ती रेडिएटरच्या पुढ्यातल्या कंडेन्सरमध्ये जाते, तिथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते आणि ड्रायर व एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून कॉइलकडे परतते. सगळी मेख कंडेन्सरमध्ये आहे. आतला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा बराच जास्त गरम असला, तरच तो तिला उष्णता देऊ शकतो. डिसेंबरच्या दुपारी हवा ३० अंशांवर असताना गॅस ४५ अंशांच्या आसपास असला तरी चालतं, आणि तेव्हा आर-१३४ए या प्रचलित गॅसचा दाब साधारण १५० पीएसआय असतो. मे महिन्यात हवा ४५-४६ अंशांवर गेली की तोच गॅस ६०-६५ अंशांपर्यंत तापवावा लागतो, आणि दाब २३० ते २६० पीएसआयवर जातो. डांबराची धग आणि पुढच्या ट्रकच्या इंजिनाची गरम हवा यांची भर वेगळीच. शेजारच्या नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. वैनगंगेच्या या काठाला त्याहून फार निराळं ऊन मिळत नाही. हिवाळ्यात लपून राहणारी कंडेन्सरची बारीकशी अडचणही इथे नवतपात उघडी पडते, ती यामुळेच. ‘हिवाळ्यात तर मस्त चालायचा’ हे वाक्य गॅस कमी असल्याचा पुरावा म्हणून सांगितलं जातं, पण पुष्कळदा ते कंडेन्सर कमी पडत असल्याचं लक्षण असतं.

कारखान्यातून एसीसह आलेल्या गाडीत कंडेन्सरचं क्षेत्रफळ, पंख्याची ताकद, पुलीचा व्यास, अल्टरनेटरची क्षमता आणि गॅसचं वजन एकमेकांचा हिशेब धरून ठरवलेलं असतं. ते वजन बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेलंही असतं. नंतर बसवलेल्या एसीत यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. साठेक अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाला कॉम्प्रेसर जोडला की तो त्यातली दोन-चार तरी ओढून घेतो. रेडिएटरला समोरून येणारी हवा आता कंडेन्सरमधून तापून येते. गॅस किती लागेल, याचं उत्तर मात्र कुणाकडेच नसतं, कारण नळ्यांची लांबी आणि कॉइलचा आकार प्रत्येक जुळणीत वेगळा. १९९० च्या दशकातल्या गाड्यांची अडचण आणखी एक. त्यांचा एसी मुळात आर-१२ या गॅससाठी बनलेला होता. ओझोन थराला घातक म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात या गॅसवर गदा आली, भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला आणि २००३ पासून नव्या गाड्यांच्या एसीत तो वापरायला बंदी आली. मग जुन्या यंत्रणेत आर-१३४ए भरला गेला. पण आर-१२ सोबत चालणारं खनिज तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. ते कॉइलच्या तळाशी बसून राहतं आणि कॉम्प्रेसरला वंगणच मिळत नाही. तेल बदललं नाही, जुने ओ-रिंग आणि ड्रायर तसेच ठेवले, तर थंडावा कमी मिळतोच, शिवाय कॉम्प्रेसर आवाज करत करत एक दिवस जाम होतो. मालक दोष देतो ते गॅसच्या ‘क्वालिटी’ला.

म्हणून पाहणी सुरू करायची ती गाडीच्या नाकापासून. भंडारा हा धानाचा जिल्हा, वर्षातून दोनदा कापणीचा. खरिपाचं धान दिवाळीच्या सुमाराला निघतं आणि उन्हाळी धान ऐन मे-जूनमध्ये. मळणीच्या दिवसांत बांधीलगतच्या रस्त्यांवर, राइस मिलच्या आवारात तनस आणि कोंडा उडत असतो. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मॅंगनीज खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यांवर काळी धूळ. पावसाळ्यात चिखलाचे फवारे. हे सगळं कंडेन्सरच्या बारीक पत्र्यांत अडकतं. आणि बाहेरून पाण्याचा फवारा मारून ते निघत नाही, कारण खरा थर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत साचतो. कंडेन्सर पुढे सरकवून आत टॉर्च मारली, तर कोंड्याची अक्षरशः गादी सापडू शकते. तिच्यातून हवा जाणार कशी? नंतर बसवलेल्या एसीत त्या फटीच्या कडाही उघड्याच असतात. कारखान्यातल्या गाडीत तिथे फोमची किंवा रबराची पट्टी असते. ती नसली की गाडी उभी असताना रेडिएटरची तापलेली हवा कडेनं फिरून पुन्हा कंडेन्सरपुढे येते. त्यातच हौसेनं लावलेली जाड जाळी, मोठा बंपर, जादा फॉग लाइट. गाडी रुबाबदार दिसते, पण तिचं नाक चोंदतं.

कंडेन्सरपुढे लावलेला जादा विजेचा पंखा हा तर तपासणीचा खास विषय आहे. त्याच्या दोन वायरी उलट जोडल्या तरी तो फिरतो, आवाजही तोच करतो, पण हवा आत ढकलायची ती बाहेर फेकतो. गाडी धावू लागली की समोरची हवा आणि पंख्याची हवा एकमेकींशी भांडतात. हा दोष कान देऊन कळत नाही. एसी चालू करून कागदाचा एक कपटा कंडेन्सरसमोर धरावा. तो जाळीला चिकटून बसला, तर पंखा बरोबर. हातातून बाहेर उडू लागला, तर वायरी उलट. याहून बोलकी परीक्षा पाण्याची. गाडी उभी ठेवून, एसी पूर्ण वेगावर ठेवून कंडेन्सरवर मगभर पाणी हळूहळू ओतायचं, पंख्याच्या मोटरवर पडणार नाही एवढं सांभाळून. एक-दोन मिनिटांत आतली हवा लक्षात येण्याइतकी गार झाली, तर गॅस पुरेसा आहे आणि कंडेन्सरला उष्णता टाकता येत नाही, हे जवळपास नक्की. गॅस कमी असेल, तर पाण्यानं फारसा फरक पडत नाही. बिनखर्चाची ही परीक्षा न घेता गॅसची नळी लावणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कंडेन्सर चोंदलेला असताना जास्तीचा गॅस भरला की दाब आणखी चढतो आणि थंडावा उलट कमी होतो.

बिघाड कधी होतो, यावरूनही पुष्कळ कळतं. महामार्गावर लाखनीपर्यंत थंड आणि भंडाऱ्याच्या गर्दीत शिरताच गरम, असं असेल तर संशय पंख्यावर आणि पुलीवर. इंजिन हळू फिरत असताना कॉम्प्रेसरही हळू फिरतो. किटमधली पुली चुकीच्या व्यासाची असली की तो जेमतेम वळतो. उलट, तासभर धावल्यावर हवेचा झोतच कमी झाला आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवल्यावर पुन्हा नीट आला, तर कॉइलवर बर्फ धरतोय. थर्मोस्टॅटची तार कॉइलमध्ये नीट खोचलेली नाही. झोत पूर्ण आहे पण वीस मिनिटांनी हवा गरम होते, थांबून पुन्हा सुरू केलं की गार, हे लक्षण बहुधा ओलाव्याचं. यंत्रणेत शिरलेलं पाणी एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या सुईएवढ्या छिद्रात गोठतं आणि वाट अडवतं. सकाळी चालू आणि दुपारी बंद, असा प्रकार असेल तर विजेकडे बघावं. कॉम्प्रेसरचा मॅग्नेटिक क्लच तीन-चार अँपिअर ओढतो, पंखा त्याहून बराच जास्त, आणि जुन्या गाडीचा अल्टरनेटर मुळात दिव्यांपुरताच. तापल्यावर क्लचच्या कॉइलचा विद्युतरोध वाढतो, गंजलेल्या अर्थिंगमुळे व्होल्टेज पडतं, झिजेमुळे क्लचमधली फट अर्ध्या मिलिमीटरपलीकडे गेलेली असते. मग तो ओढून धरायला बळच उरत नाही. साध्या मल्टिमीटरनं क्लचच्या वायरीवर इंजिन चालू असताना १२ व्होल्टहून कमी दिसलं, तर गॅसचा विषय तिथेच बाजूला ठेवावा.

याच वायरिंगमध्ये एक धोकादायक जुगाड वरचेवर दिसतो. ड्रायरवर एक प्रेशर स्विच असतो. गॅस गळून दाब फार खाली गेला किंवा कंडेन्सर तुंबून तो फार वर चढला, तर हा स्विच क्लचचा प्रवाह तोडतो. एसी सारखा बंद पडतो म्हणून कुणीतरी त्याच्या दोन वायरी पिळून, टेप गुंडाळून ‘डायरेक्ट’ करून ठेवलेल्या असतात. त्या क्षणी एसी सुरू होतो आणि मालक खूश होतो. पण रखवालदारालाच सुट्टी दिल्यावर कॉम्प्रेसर तेलाविना फिरतो की नळी फुटेपर्यंत दाबतो, हे बघायला कुणी उरत नाही. गाडी जुनी विकत घेतली असेल, तर पहिल्याच दिवशी बॉनेट उघडून या दोन वायरी पाहाव्यात.

एवढं झालं की दाब मोजणारा गेज. गेजचा वापर दोन वेळा करायचा असतो आणि आपल्याकडे एकदाच होतो. पहिली वेळ सकाळची, गाडी रात्रभर सावलीत उभी राहिल्यावर, इंजिन बंद असताना. तेव्हा कमी आणि जास्त दाबाच्या बाजूंचे दोन्ही काटे सारखे असतात आणि दाब फक्त तापमानावर ठरतो: आर-१३४ए साठी ३० अंशांना साधारण ९७ पीएसआय. यंत्रणेत द्रव गॅस आहे तोवर तो पाव किलो असो वा पाऊण किलो, आकडा हाच. काटा यापेक्षा बराच वर असेल, तर आत हवा आहे किंवा दुसराच गॅस मिसळलेला आहे. बराच खाली असेल, तर यंत्रणा जवळजवळ रिकामी. दुसरी वेळ एसी चालू असतानाची. दोन्ही बाजू खाली असतील तर गॅस कमी असण्याचा संभव मोठा. दोन्ही वर असतील तर कंडेन्सर, जास्तीचा गॅस किंवा आत शिरलेली हवा. कमी दाबाची बाजू वर आणि जास्त दाबाची खाली असेल तर कॉम्प्रेसर थकलाय. कमी दाबाची बाजू निर्वातात गेली तर कुठेतरी तुंबलंय. चार शक्यता आहेत आणि त्यांतल्या एकीतच गॅसची भर उपयोगी पडते. तीही गळती काढल्यानंतर. पंक्चर न काढता चाकात हवा भरत राहणं कुणी शहाणपणाचं म्हणत नाही.

गळतीची जागा बहुतेक वेळा स्वतःच बोलते. गॅससोबत तेल झिरपतं, त्यावर धूळ बसते, आणि नळीच्या जोडावर, कॉम्प्रेसरच्या शाफ्टपाशी किंवा सर्व्हिस व्हॉल्व्हवर काळपट ओला डाग दिसतो. तिथे नायट्रोजनच्या दाबाखाली साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. शाफ्टचं सील कोरडं पडून गळतं, आणि ते कोरडं पडतं एसी चार-चार महिने बंद ठेवल्यामुळे. दसऱ्यापासून होळीपर्यंत एसीच्या बटणाला हात न लावण्याची काटकसर इथे महागात जाते. आठवड्याला दहा मिनिटं चालवला तर तेल सीलपर्यंत पोचत राहतं. गळती काढल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओलावा ओढून काढावा लागतो. दाब पुरेसा खाली गेला की पाणी २५ अंशांनाच उकळून वाफ होतं आणि पंपाबरोबर बाहेर पडतं. पाच मिनिटांत उरकलेला व्हॅक्यूम, त्यातही जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत, म्हणजे पुढच्या बिघाडाची पेरणी.

हे सगळं नीट असूनही गाडी थंड होत नसेल, तर प्रश्न एसीचा नसून गाडीच्या अंगाचा असतो. कापडी हूडची जीप, दारांचे झिजलेले रबर, फायरवॉलमध्ये वायरी नेण्यासाठी पाडलेली आणि उघडीच राहिलेली भोकं, यांतून इंजिनाची धग सरळ पायांपाशी येते. हीटरचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला असेल, तर एका नळीतून थंडावा आणि शेजारच्या नळीतून उकळतं पाणी, अशी गंमत चालू असते. छताच्या पत्र्याला आतून उष्णतारोधक थर लावणं हा बहुतेकदा मोठ्या कंडेन्सरइतकाच कामाचा उपाय आहे. काचांना काळी फिल्म मात्र सुचवत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच तिच्यावर बंदी घातली. आणि एक गैरसमज: मे महिन्यात गाडीखाली पाणी टपकत नाही, म्हणून एसी बिघडला असं समजू नये. कोरड्या हवेत टपकायला पाणीच नसतं. जुलैत टपकलं नाही आणि पायदान ओलं झालं, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

आता आक्षेपांकडे. पहिला असा, की अनुभवी मिस्त्रीला नळीला हात लावला की कळतं, त्याला आकडे कशाला? हात लावून कळतं, हे खरंच आहे. जाड नळी गार आणि बारीक नळी गरम, एवढी माहिती हात देतो, आणि ती मोलाची असते. पण ६० अंश आणि ७० अंश यांतला फरक हाताला समजत नाही, दोन्ही फक्त चटका देतात. आणि मे महिन्यातला निर्णय नेमका त्या दहा अंशांत असतो. दुसरा आक्षेप, नव्या गाड्यांतलाही गॅस थोडाथोडा कमी होतोच. होतो, रबरी नळ्यांतून झिरपून. पण तो इतका हळू की भर घालायची वेळ काही वर्षांनी यावी, दर उन्हाळ्यात नव्हे. तिसरा आक्षेप, विदर्भाच्या उन्हापुढे कुठलाही एसी हरतो. अर्धं खरं. ४६ अंशांच्या दुपारी जुळवलेल्या एसीकडून पुण्यातला थंडावा मागणं अन्यायाचं आहे. पण खिडक्या बंद, आतलीच हवा फिरती आणि पंधरा मिनिटं धाव झाल्यावर झरोक्यातून १२-१४ अंशांची हवा यायला हरकत नसते. झरोक्यात साधा थर्मामीटर खोचून २२-२३ दिसत असेल, तर हरलं ते ऊन नव्हे, आपली देखभाल.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. गाडीची किंमतच उरली आहे थोडी, तिच्यावर पूर्ण तपासणीचा खर्च कशाला, दरवर्षीचं टॉप-अप स्वस्त पडतं. गाडी याच वर्षी भंगारात जाणार असेल, तर हा हिशेब मालकापुरता बरोबर आहे, मान्य. पण पंधरा वर्षं उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी नव्यानं करून, पर्यावरण कर भरून जो ती चालवणार आहे, त्याच्यासाठी नाही. दर गळतीबरोबर तेल जातं, वरून फक्त गॅस भरला जातो, आणि शेवटी कॉम्प्रेसर बसतो. तेव्हा सगळी बचत एका झटक्यात जाते. शिवाय वातावरणाचा हिशेब. आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता अडवतो. अर्धा किलो गॅस हवेत गेला, तर तो अडीचशे लिटरांहून जास्त डिझेल जाळल्याइतका. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारतानं २०२१ मध्ये मान्यता दिली आहे आणि २०३२ पासून अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्यानं घटवायचा आहे. म्हणजे हा गॅस पुढे स्वस्त होईल, अशी आशा धरू नये. स्वस्त सिलिंडरच्या मोहात तर मुळीच पडू नये. २०११ मध्ये जहाजवाहतुकीच्या शीत कंटेनरांचे स्फोट होऊन कामगार मेले. त्यांत आर-१३४ए च्या नावाखाली मिथाइल क्लोराइड भरलेलं निघालं, जे ॲल्युमिनियमशी संयोग पावून पेट घेणारं संयुग बनवतं. गाडीचा कंडेन्सरही ॲल्युमिनियमचाच असतो. घरगुती एलपीजी भरून देणारे असतील, तर त्यांना हात जोडून परत पाठवावं.

जुळवलेल्या गाडीला कारखान्याची पट्टी नसते, ती आपणच करावी. एसी एकदा व्यवस्थित लागला की गॅस कोणता आणि वजनकाट्यावर मोजून किती ग्रॅम भरला, तेल कोणतं, कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर कोणत्या गाडीचे, ३० अंशांना दोन्ही काटे किती आणि चालू असताना किती, झरोक्यात किती अंश, तारीख, हे पक्क्या शाईनं लिहून पट्टी बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवायला मिस्त्रीला सांगा. गॅस मोजून भरत नाही असं तो म्हणाला, तर दुसरं दुकान बघा. आणि हे काम फेब्रुवारीत उरका. एप्रिलमध्ये घाई मालकालाही असते आणि मिस्त्रीलाही.